दोन दिवसांचं नाव

रत्नमालाबाईंनी पिशवीतून वही काढली, पदरानं तिचं कव्हर पुसलं आणि टेबलावर ठेवता ठेवता मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मिळण्यासारखं बरंच होतं. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वार्तापत्रात नाव छापून येणार होतं. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची होती. अशा खुर्चीवर आजवर फक्त पोलाद प्लँटमधल्या साहेबांच्या बायका बसत आल्या होत्या. वही पुढं कायम थंड खोलीत, काचेच्या कपाटात राहणार होती आणि तिच्यावर चिठ्ठी लागणार होती: रत्नमाला देवराव लांजेवार, चरोदा. शिवाय शकुबाईचं तोंड बंद होणार होतं, आणि याची किंमत रत्नमालाबाईंच्या लेखी काचेच्या कपाटाहून थोडी जास्तच होती. बदल्यात द्यायचं काय, तर अडतीस वर्षं पेटीच्या तळाशी पडून राहिलेली एक वही, जी मुळात त्यांची नव्हतीच.

टेबलापलीकडं समीक्षा बसली होती. मुलगी नागपूरची, ग्रंथालयात नोकरीला. आपला मुलूख सोडून दूर गेलेल्या लोकांच्या घरात हातानं लिहिलेलं जे काही सापडेल, ते गोळा करत ग्रंथालयाची माणसं गावोगाव फिरत होती. आज रविवारी सकाळी भिलाईच्या सेक्टर दहामधल्या सामुदायिक भवनात त्यांचा मुक्काम होता. कोणी पाककृतींची डायरी आणली होती, कोणी सासऱ्याची पत्रं. स्टँडवरच्या कॅमेऱ्याखाली एकेक पान ठेवलं की ते स्टेजवरच्या पांढऱ्या पडद्यावर भिंतीएवढं होऊन उभं राहायचं आणि लोक लग्नाचा अल्बम पाहावा तसे माना उंचावून पाहायचे.

"आजी, ही सगळी भुलाबाईची गाणी आहेत?" समीक्षानं वही उलगडत विचारलं.

"सगळी. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीलोक लाइनीतल्या पोरी घरी येत. रोज संध्याकाळी गाणी, मग खिरापत."

"आणि ही रचली कोणी? तुम्ही, की कोणाकडून ऐकलेली?"

"मीच."

मागच्या खुर्चीतून शकुबाई पुढं झुकली. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दोघी छत्तीस वर्षं समोरासमोर राहिल्या होत्या आणि तितकीच वर्षं एकमेकींच्या वरणाला नावं ठेवत आल्या होत्या.

"तू? अवं माय! तुले मी आजवर आरती म्हणताना बी नाही आयकलं."

"तुह्या कानाचं मशीन आत्ता लागलं ना, शकू. पयले कसं आयकू येईन?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. समीक्षाही हसली आणि फॉर्मवर 'रचना' या शब्दापुढं रत्नमालाबाईंचं नाव लिहून मोकळी झाली. इतकं सोपं असतं ते.

खरं तर रत्नमालाबाई खोटं बोलायला निघाल्या नव्हत्या. दिवाळीत नात मोनानं पेटी साफ करताना वही काढली, चार पानं चाळली आणि ओरडली, "आजी, ये सब तूने लिखा है?" तेव्हा नाही म्हणायला एवढासा वेळ होता. रत्नमालाबाई करंजीचं सारण ढवळत होत्या, त्या ढवळत राहिल्या. मोनानं वहीचा फोटो काढला, तो कॉलेजच्या ग्रुपवर गेला, तिथून ग्रंथालयाच्या माणसांपर्यंत पोचला. या कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून राबल्याचं प्रमाणपत्र मोनालाही मिळणार होतं. मग एका दुपारी रत्नमालाबाईंनी वहीचं पहिलं पान फाडून चुलीऐवजी गॅसवर जाळलं. त्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सौ. मैना रामाजी लांजेवार.

"पहिलं पान नुकतंच फाटलंय का?" समीक्षा शिवणीतल्या पांढऱ्याशुभ्र कपट्यांवर बोट फिरवत होती.

"उंदीर," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"उंदीर एकच पान खातो का वो?" शकुबाईनं विचारलं.

समीक्षानं फॉर्मवर 'पहिले पान नाही' एवढंच लिहिलं.

मैना म्हणजे रत्नमालाबाईंची धाकटी जाऊ. तुमसरकडची, सातवी शिकलेली, दिसायला बेताची, पण गळा असा की शंटिंगचं इंजिन थांबून ऐकेल असं लाइनीतले लोक म्हणायचे. एका क्वार्टरमध्ये दोन भाऊ राहत. थोरला देवराव यार्डात फिटर, रेल्वेचा पक्का माणूस. धाकटा रामाजी प्लँटच्या एका ठेकेदाराकडं रोजीवर. क्वार्टर देवरावचं, पेटी देवरावची आणि पेटीची किल्ली देवरावच्या बायकोच्या कंबरेला. मैनेकडं काय होतं, तर ही वही. पण भादवा लागला की लाइनीतल्या पोरी "रत्नाकाकू" म्हणत यायच्या ते बंद झालं आणि "मैनाकाकू, मैनाकाकू" सुरू झालं. शकुबाई चरोद्याला आली ती मैना गेल्यावर दोन वर्षांनी, म्हणून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेल्यांपैकी देवराव गेले त्याला सहा वर्षं झाली. उरला एकटा रामाजी. तो कुरुदला राहायचा, दिवाळीला येऊन चहा पिऊन जायचा, आणि ग्रंथालय वगैरेच्या वाटेला जाणारा माणूस नव्हता.

रत्नमालाबाईंनी हे सगळं मोजून घेतलं होतं. मोनानं छोट्या आजोबांनाही मेसेज टाकला होता, तेवढं मोजायचं राहिलं.

रामाजी आला तेव्हा कॅमेऱ्याखाली विसावं पान होतं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, चपला दाराशी काढल्या, हे भवन आहे, देऊळ नाही, असं कोणीतरी सांगितल्यावर पुन्हा घातल्या आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसला. पडद्यावर मैनेचं अक्षर होतं. हातभर उंचीचं एकेक अक्षर, डावीकडं किंचित कललेलं. रामाजीनं मफलर सोडला, मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालू लागला. घडी झाली की मोडायची, पुन्हा घालायची.

रत्नमालाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांचा हात तेवढा कंबरेशी गेला आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत धरला.

गाणी संपली. पुढची पानं कोरी होती. रत्नमालाबाई वही मिटायला उठल्या.

"थांबा आजी. आमच्यात नियम आहे," समीक्षा म्हणाली. "कव्हरपासून कव्हरपर्यंत प्रत्येक पान. कोरं असलं तरी."

"कोऱ्याचं काय करता जी?"

"लिहिणारा कुठं थांबला, ते कळतं."

"मांगून सुटर विणाचे नमुने हायेत फक्त. त्याचं काही नाही."

"तेही घेऊ."

समीक्षानं वही उलटी केली. मागच्या बाजूनं, डोकं खाली पाय वर अशी दुसरी सुरुवात होती. दोन सुलट, दोन उलट, एक फंदा सोडणे. पडद्यावर विणकामाचे आकडे येत गेले आणि बायकांनी आपापसात ओळखायला सुरुवात केली, हा जाळीचा, हा गव्हाच्या लोंबीचा. आणि मग, बाळाच्या टोपीच्या नमुन्यानंतर, एक पान आलं ज्यावर आकडे नव्हते. अक्षर तेच, पण ओळी खाली घसरत गेलेल्या, जशा पडून लिहिताना घसरतात.

अडतीस वर्षांत रत्नमालाबाईंनी वही कितीदा तरी उघडली होती. मागचे विणकामाचे आकडे दिसले की मिटायची; पालथी करून शेवटपर्यंत कधी पाहिली नव्हती. सुटरं त्या बाजारातून आणत.

समीक्षानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, थांबली आणि म्हणाली, "आजी, हे म्हणूनच दाखवा ना. चालीसकट. आवाजही जपायचाय आम्हाला."

मोनानं माइक आणून आजीच्या ओठांशी धरला. "बोल ना आजी. सब रुके हैं तेरे लिए."

नाही म्हणायची सोय नव्हती. स्वतः रचलेलं गाणं बाईला येत नाही, हे शकुबाईला कसं सांगणार? रत्नमालाबाईंनी पडद्याकडं पाहिलं आणि सुरुवात केली.

"अंगात माह्या ताप गं, भुलाबाई, ताप गं,
जाऊबाईले सांगा गं, कारड तेवढं दे गं.
कारड आहे पेटीत गं, पेटीले कुलूप गं,
किल्ली तिच्या कंबरेले, कंबर नाही वळत गं."

चाल शोधावी लागली नाही. ती गळ्यात आधीच येऊन बसली होती. मैना शेवटचा 'गं' लांबवून त्याच्या टोकाला एक श्वास आत ओढायची, जणू गाणं परत गिळते आहे. रत्नमालाबाईंच्याही 'गं'च्या टोकाला तो श्वास आला. त्यांनी तो आणला नव्हता. मागच्या रांगेत मफलरची घडी थांबली.

"उंबऱ्यात बसला धनी गं, धनी बोलत नाही गं,
आत जाऊन मागंल असं पाऊल उचलत नाही गं.
दोन दिवस नाव दे गं, जाऊबाई, नाव दे गं,
बरी होऊन आली का वापस तुझं घे गं."

समीक्षानं पडद्यावरची दुसरी ओळ पुन्हा वाचली.

"कार्ड म्हणजे?" समीक्षानं हळूच विचारलं.

"रेल्वेचं मेडिकल कार्ड वो," शकुबाईला आता बोलल्याशिवाय राहवेना. "त्याच्यावर तवा फोटो नोता. नाव अन् वय, बस. जिच्यापाशी कार्ड नाही ते दुसरीच्या नावानं दवाखान्यात भरती होये. आमच्या लाइनीत सगळ्याच करत. माह्या बहिणीचं पित्त काढलं ना, ते माह्या नावानं. कागदावर पाह्यशीन तर मले पित्ताशय नाही. अन् ते तं अजून जागेवर हाय!"

बायका हसल्या. समीक्षा हसली नाही. तिनं फॉर्म पुढं ओढला. "म्हणजे गाण्यातल्या आजारी बाईला दोन दिवस जावेचं नाव हवं होतं. आजी, ती जाऊ खरी होती का?"

गाणं हे गाणं असतं, त्यात कोणीही असतं, असं म्हणता आलं असतं. रत्नमालाबाईंनी ओठ उघडलेही. पण शकुबाई इतकी वर्षं उगीच समोर राहत नव्हती.

"हिले एकच तं जाऊ होती. मरून गेली ते. तिचा घरवाला तो काय, मांगं बसला."

सगळ्या माना मागं वळल्या. रामाजी मांडीवरच्या मफलरकडं पाहत राहिला.

रत्नमालाबाईंना तेव्हा कळलं की आपण कुठं येऊन उभ्या आहोत. गाणं त्यांचं असेल, तर ताप त्यांचा. ताप त्यांचा असेल, तर किल्ली दुसरीची. आणि त्या घरात सुना दोनच होत्या. फॉर्मवरचं आपलं नाव खोडून घ्यायचं तर या एवढ्या बायकांसमोर, मोनासमोर, कंबरेची किल्ली काढून दाखवावी लागणार होती. त्यांच्याजवळ कारण नव्हतं असं नाही. यार्डात त्या साली कार्डांची तपासणी चालू होती, पकडले गेले असते तर देवरावची नोकरी गेली असती. पण हे कारण होतं तिसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी तपासणी उठली, तरी कंबर वळली नव्हती. "मैनाकाकू" म्हणत दारापर्यंत येणारा पोरींचा आवाज त्या साली बंद झाला होता, आणि तो आवाज बंद झाल्याचं त्यांना बरं वाटलं होतं, एवढंच.

"होती," त्या म्हणाल्या.

"नाव?"

"मैना."

"त्यांनी कार्ड दिलं नाही?"

"नाही देलं." कार्ड तर रेल्वेतल्या पक्क्या माणसाच्या बायकोचं, हे शकुबाईच्या ध्यानात यायला हवं होतं, पण ती अजून मागं वळून रामाजीकडंच पाहत होती.

समीक्षाचं पेन चालत होतं. "मग तुम्ही बऱ्या कशा झाल्या?"

याचं उत्तर रत्नमालाबाईंनी मोजून आणलं नव्हतं. त्या पडद्याकडं पाहत होत्या. शेवटची ओळ पानाच्या कडेबाहेर उतरून गेली होती.

"एकोणिसाव्या दिवशी अंग थंड पडलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ताप उतरला."

रत्नमालाबाईंनी ते तसंच राहू दिलं. समीक्षानं 'एकोणीस दिवस आजारी' असं लिहिलं.

मग साक्षीदार आला. म्हणजे फॉर्मवर तशी जागा होती. रचना त्याच व्यक्तीची आहे हे ओळखणाऱ्या कोणीतरी सही करायची, घरचं माणूस असेल तर उत्तम. समीक्षानं मागच्या रांगेकडं पाहून हात केला. "काका, याल का जरा?"

रामाजी आला. मफलर तो खुर्चीवरच विसरला. टेबलाशी येऊन त्यानं आधी वहीकडं पाहिलं, मग वहिनीकडं. रत्नमालाबाईंनी मूठ इतकी घट्ट धरली होती की किल्लीचे दात तळव्यात रुतले. आता हा बोलेल, असं त्यांना वाटलं. आणि बोलला तर बरं होईल, असंही त्याच क्षणी वाटून गेलं.

"काका, ही गाणी यांचीच ना?" समीक्षानं विचारलं. "आणि हे उंबऱ्यात बसलेले धनी, न बोलणारे, म्हणजे मोनाचे आजोबा?"

रामाजीनं पडद्यावरचा उंबरा वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. त्याला सातवी शिकलेल्या बायकोनंच वाचायला शिकवलं होतं.

"हो," तो म्हणाला. "आमचा दादा कमीच बोले." आणि त्यानं सही केली. सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढत.

रत्नमालाबाईंची मूठ सुटली. तळव्यावर किल्लीची खूण उमटली होती.

बाहेर समोसे वाटणं चाललं होतं. रामाजी सायकल काढत होता. त्यांनी त्याचा मफलर आणून दिला.

"भाऊजी."

"वैनी, तवा कारडासाठी मी दोनदा आलो होतो रातच्याले, तुमच्या खोलीच्या दारालोक," तो हँडलकडं पाहत म्हणाला. "आवाज नाही देला. तोंडच नाही उघडलं."

"मालूम आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पावलं आयकू येत."

त्यानं मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि तो कुरुदच्या रस्त्याला लागला. पुढच्या दिवाळीला तो चहाला यायचा नव्हता.

वार्तापत्र फाल्गुनात आलं. मोनानं पलंगावर मांडी घालून ते वाचून दाखवलं. मोजून सहा ओळी होत्या. नव्यानं दाखल झालेली हस्तलिखितं, त्यात भुलाबाईची गाणी, रचना रत्नमाला देवराव लांजेवार. विशेष उल्लेख शेवटच्या गाण्याचा: औषधपाण्यासाठी कार्ड नाकारणारी जाऊ, मैनाबाई, आणि आजारातून उठलेल्या कवयित्रीचा तिच्याविरुद्ध एकमेव लेखी जबाब.

"आजी, कितनी बुरी थी यार ये मैनाबाई," मोना म्हणाली. "तू कधी सांगितलंच नाही."

"पंखा बंद कर," रत्नमालाबाई म्हणाल्या. "थंडी वाजून राहिली."

"थंडी? आजी, होली आ गई." मोनानं कपाळाला हात लावला. "ताप तर नाहीये."

थर्मामीटरही नाही म्हणाला. कालही नाही म्हणाला होता, आणि परवाही. पण दिवेलागणीला, ज्या वेळी पोरी यायच्या, त्या वेळी अंग भट्टीसारखं फुलायचं आणि उजव्या कुशीवर वळता यायचं नाही. मोना हट्टाला पेटली. दवाखान्यात जाऊ, कार्ड दे, कुठं आहे तुझं कार्ड? कार्ड पेटीत होतं. किल्ली कंबरेला होती. रत्नमालाबाईंनी हात तिथवर नेला आणि तो तिथंच राहिला.

"दे ना आजी."

"राहू दे. उतरते एकोणिसाव्या दिवशी."

मोनाला वाटलं, आजी गाण्यातलं बोलते आहे.

तर झालं ते असं. ग्रंथालयाला एकशेबारा पानं मिळाली आणि त्यांतली कोरी पानंही त्यांनी नीट जपली. मोनाला प्रमाणपत्र मिळालं. शकुबाईला महिनाभर पुरेल एवढं बोलणं मिळालं. रामाजी अडतीस वर्षांनी उंबऱ्यावरून उठला आणि तिथं देवरावला बसवून घरी गेला. देवरावनं हरकत घेतली नाही. रत्नमालाबाईंना गादीची खुर्ची मिळाली, छापील नाव मिळालं, आणि त्या नावाबरोबर जे यायचं होतं तेही रोज दिवेलागणीला येऊ लागलं. आणि हे सगळं भरून दिलं मैनेनं, जिनं दोन दिवसांसाठी फक्त एक नाव मागितलं होतं. आधी जीव दिला, मग गाणी दिली. आणि आता कागदावर पेटीची किल्ली सांभाळते आहे ती, काचेच्या कपाटात, थंड खोलीत. हयातीत तिच्या कंबरेला कधी एक किल्ली नव्हती.